सदाची अर्धी जाळी

सदा, तुझं तेरावं अजून व्हायचंय आणि मी तुझ्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. तू होतास तेव्हा तरी कुणाच्या सांगण्यावरून मी तुझ्यावर चिडायची थांबले होते?

लोक येतात, बसतात, चहाला नको म्हणतात आणि मग तू किती साधा होतास ते सांगतात. साधा! शेजारच्यांच्या कैऱ्या पाडून "तायनं सांगितलं म्हणून पाडल्या" असं तोंड वर करून सांगणारा तू, आणि पाठीत धपाटे खाणारी मी. साधी असेन तर मी होते. पण हे आता कुणाला सांगू? त्या कैऱ्यांचा साक्षीदार एकटा तूच होतास.

तुझी मागणी एवढीशी होती. या शिमग्याला काळकाईची पालखी तुझ्या दारात यावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना तू कापलेली लाकडाची जाळी असावी. दुसरं काही नाही. एवढंच मागणारा माणूस शिमग्याच्या तोंडावर जातो? सुतकाच्या घरी पालखी थांबत नाही, हे काय तुला मी सांगायला हवं होतं? उभा जन्म वाडीत शिमगा केलास. मुंबईत होतास तेव्हासुद्धा शेठजीशी भांडून रजा काढायचास. आणि नेमक्या वेळी स्वतःच्याच घराला सुतक लावून बसलास. याला म्हणतात सदाचं टायमिंग.

तुझ्या हातात ते मशीन आलं कसं, ते आठवतंय ना? मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ज्याला-त्याला माझ्या तीर्थयात्रेची घाई. सगळी हयात पोरांना चित्रकला शिकवून मला कंटाळा आला होता खरा, पण देवांना भेटायची इतकी गडबड नव्हती. मी स्क्रोल सॉ घेतली. टेबलावर बसवायची विजेची बारीक करवत. केसापेक्षा जरा जाड असं पातं जागच्या जागी वर-खाली नाचत राहतं आणि आपण लाकूड फिरवून त्यातून नक्षी काढायची. तुझे भावोजी म्हणाले, "आता घरात हेच राहिलं होतं." मी मशीन मागच्या पडवीत मांडलं आणि दार लावून घेतलं.

तू तेव्हा मुंबईची पिठाची गिरणी सोडून नुकताच वाडीत परतला होतास. महाडला काही काम निघालं की जेवायला माझ्याकडे. पडवीत आलास, मशीनकडे बघितलंस आणि म्हणालास, "ताय, हे काय गो? लाकडाला झबलं शिवतेस काय?" तेव्हापासून शेवटपर्यंत ते शिवणाचं मशीनच राहिलं. मी शंभरदा नाव सांगितलं असेल. तू मुद्दाम म्हणत नव्हतास, हे मला कधीच पटलं नाही.

काय पाती मोडलीस रे तू! लाकूड असं ढकलायचास, जणू अडलेली म्हैस गोठ्यात घालतोयस. मी ओरडायची, "ढकलू नको. पात्याला त्याच्या वेगानं खाऊ दे."

"त्याला भूक हाय तर खाऊदे की पटापटा."

"घास मोठा झाला की ते मोडतं."

टण. मोडलेलंच. मग तू माझ्याकडे असा बघायचास की चूक पात्याची. पातं लावताना दात खाली हवेत, बोटानं छेडलं की टणकन वाजलं पाहिजे, भद्द वाजलं तर सैल आहे, हे तुला शिकवताना माझा घसा बसला. आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर धरायला काही उरत नाही. टोकदार कोपऱ्यावर आलास की जरासा मागे ये, लाकूड जागच्या जागी फिरव, मग पुढे. हे तुला लगेच जमलं. मागे येणं तुला जमतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. आणि प्रत्येक पातं थोडं एका अंगाला ओढतं, म्हणून सरळ रेघ हवी तर लाकूड तिरकं धरावं लागतं, असं सांगितलं तेव्हा तू आतल्या खोलीकडे मान करून म्हणालास, "म्हणजे आमच्या भावोजींसारखंच हाय. सरळ चालवायचं तर तिरकं धरायला लागतं." भावोजी आतून ओरडले, "ऐकू येतंय मला!" त्यांना बाकी काही ऐकू येत नाही, हे तेवढं आलं.

तू दर मंगळवारी यायला लागलास. पोलादपूरहून एसटी, हातात तुझ्या रंजनानं दिलेला तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा, आणि कागदाच्या गुंडाळीत तू काढलेली नक्षी. तुला शाळेत कुणी चित्रकला शिकवली नाही, मी तर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होते. पण तुझी वेल जिवंत असायची. मी पट्टी लावून काढलेली वेल पुस्तकातली वाटायची. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसला असतास. आणखी एक बोलले नाही. मंगळवारी सकाळपासून माझे कान दाराकडे असायचे. एसटी चुकली म्हणून तू आला नाहीस की मी दिवसभर भांडी आदळायची. भावोजींना ठाऊक होतं. तुला कुणी सांगितलं नाही.

पालखीचं निघालं गेल्या पावसाळ्यानंतर. जुन्या जाळ्यांना वाळवी लागली होती. मुंबईकरांनी ग्रुपवर टाकलं की तिकडे एकजण कॉम्प्युटरवर नक्षी टाकून एका दिवसात जाळी कापून देतो, अगदी एकसारखी. सगळ्यांनी खाली होकाराचे अंगठे टाकले. आणि पालखी बसते त्या सहाणेवरच्या बैठकीत तू उभा राहिलास. फणस आपल्या परसातला, देवी आपली, मग हात कशाला भाड्याचा, असं म्हणालास म्हणे. गावकीला ते पटलं. मग मंगळवारी माझ्याकडे आलास आणि उंबऱ्यातच म्हणालास, "ताय, मी व्हय म्हणून बसलोय."

"मला विचारून का?"

"तुलाच तर ईचारायला आलोय."

वाडीत विजेचे हाल. व्होल्टेज उतरलं की मशीन धापा टाकतं आणि पातं लाकडात अडकतं. म्हणून दोन्ही फळ्या माझ्या पडवीत आल्या. आणि आपलं भांडण सुरू झालं.

तुला वेल काडीएवढी बारीक हवी होती. मी म्हटलं, सदा, ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही. पालखी नाचवतात. खांद्यावरून उडवतात, गरागरा फिरवतात. लाकडाच्या रेषेच्या बाजूनं जाणारी काडी तग धरेल, पण जी रेषेला आडवी येते तिच्यात जीवच नसतो, ती मोडणार. फणसाची चिरफळी घेऊन तुला मोडून दाखवली. आडवी धरली तर बोटांत कडकन मोडली. तू ते दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघितलेस. मला वाटलं, पटलं.

"जाड कापली तर ती जाळी नाय ऱ्हायची, ताय. खिडकीचे गज व्हतील. देवीला काय कोंडून ठेवायची हाय?"

"मोडली तर?"

"मोडली तर दुसरी करू. मी काय मरतोय?"

हे तू बोललास. माझ्या पडवीत, माझ्या देखत.

दुसरं भांडण मास्कचं. फणसाचा भुसा पिवळा आणि पिठासारखा बारीक. तुझ्या मिशीवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसायचा. हळद लागलेला नवरा दिसायचास, म्हातारा. मी मास्क आणून मशीनच्या दांडीला अडकवला. तू तो काढून माठाच्या खुंटीला अडकवलास. "उभी हयात पीठ खाल्लंय या छातीनं, भुशाचं काय घेऊन बसलीस?" वर आणखी, "तोंड बांधलं तर तंबाखू थुंकू कशी?" मी ओरडायची, तू हसायचास, हसता हसता खोकायचास, आणि खोकला थांबला की विचारायचास, चहा टाकतेस ना?

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक झाली होती. कशानं? पिठानं, भुशानं, तंबाखूनं, की तिन्हीनं मिळून, ते त्यांना नक्की सांगता येईना. मला मात्र रोज नवीन उत्तर सुचतं. सकाळी वाटतं गिरणीनं नेलं. दुपारी पडवीत पाय टाकला की वाटतं, इथंच गेला. कापडाचा एक तुकडा रे, गाढवा. एक तुकडा तोंडाला लावायचा होता.

पहिली जाळी तू पुरी केलीस. मी तेल लावलं तेव्हा फणसाचा रंग असा वर आला की भावोजीसुद्धा टीव्ही सोडून बघायला आले. दुसरी मध्यावर आली होती. त्या मंगळवारी तुला दोन-तीनदा थांबावं लागलं होतं. मग वेलीच्या एका वळणावर, अगदी रेघेच्या मधोमध, खोकल्याची अशी उबळ आली की तू बटण बंद केलंस आणि पायरीवर जाऊन बसलास. पाणी मागितलंस. मी पाणी दिलं, आणि काय म्हणाले ठाऊक आहे? म्हटलं, "मध्येच थांबू नये रे, लाकडात खूण राहते. रेघ तरी पुरी करायचीस."

"ऱ्हाऊदे. तू हायस ना घासायला."

पातं तसंच लाकडात ठेवून गेलास. पुढच्या मंगळवारी येतो म्हणालास. पुढच्या मंगळवारी तुझा मंगेश तुला मुंबईला घेऊन गेला होता. तिथून त्याच्या फोनवरून बोललास. आवाज कसला, नुसती हवा. "ताय, फळी हलवू नको. पातं काढू नको. मी येतो." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणायचं होतं ते मला फोन ठेवल्यावर सुचलं. मग म्हटलं, उद्या बोलू.

गाडीतून तुला आणलं त्या सकाळी सगळी वाडी अंगणात होती. रंजना तुझ्या पायाशी बसली होती, रडतही नव्हती. तुला आंघोळ घालायचं चाललं होतं आणि तेवढ्यात भावकीतल्या कुणाला ती फळी आठवली. मेलेल्याचं काम अर्धं ठेवू नये, त्याचा जीव तिथं घुटमळतो. महाडला गाडी पाठवा, फळी आणा, त्याच्याबरोबर चितेवर देऊ. दुसरा म्हणाला, खरं हाय, देवीला असलं अपुरं चालायचं नाय, मुंबईवाल्यांना फोन करू, ते एका दिवसात कापून पाठवतात.

माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, "फळीला हात लावायला कोण येतंय ते बघते. माझं घर आहे ते. दारात कोयता घेऊन बसेन." बायका मला धरायला आल्या. मंगेश म्हणाला, "आत्या, जाऊदे गो, लाकूडच हाय." मी त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही, त्याची माफी मागून झाली आहे.

शेवटी गणूतात्या बोलले. पालखीचे मानकरी ते, त्यांच्यापुढे कोण जाणार. काठीवर हनुवटी टेकून त्यांनी मला विचारलं, "जितेपणी कापलंय ना त्यानं?"

"हो."

"फळी कुठं हाय? तुझ्या घरात ना, महाडात? इथं सुतकात नाय ना आली?"

"नाही."

"मग इटाळ कसला रे त्याला?" ते भावकीकडे वळले. "अपुरी हाय, ती पुरी कराया पायजे, एवढंच. भावकीला दहा दिसांचं. हिचं लगीन झालेलं, घर दुसरं. हिला तीन दिसांचं." मग पुन्हा मला म्हणाले, "चौथ्या दिशी डोक्यावरनं पाणी घे आणि काप. पालखी सजायच्या आत आण. नाय आणलीस तर मुंबईची लावू, मग माझ्याशी भांडू नको."

लग्न झालं तेव्हा मी रडले होते की आता मी या घरची उरले नाही. त्या दिवशी त्याच गोष्टीवर मी तगून राहिले. तुझ्यासाठी मी परकी होते म्हणून तुझं काम माझ्या हातात आलं. ही कसली रीत म्हणायची, सदा? चांगली की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी राख सावडली आणि मी महाडला आले. चौथ्या दिवशी सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, पडवीचं दार उघडलं. फळी तशीच होती. तुझ्या कापाच्या टोकाशी पातं उभं. टेबलावर तुझा पिवळा भुसा, त्यात तुझ्या मनगटाचा दाब उमटलेला. मी मास्क लावला. मशीनपुढं बसले आणि हात बटणाकडे जाईना. बटण दाबलं की तुझा काप संपणार आणि माझा सुरू होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. भावोजी दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बसून राहिलीस तर मुंबईची लागेल." तेवढं बरोबर बोलले.

खरं सांगू? माझ्या मनात होतं, उरलेली वेल जाड करायची. पेन्सिल घेऊन तुझ्या रेघांच्या बाहेरून रेघा मारायला सुरुवातही केली होती. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. पण दोन पानं आखली आणि पुसून टाकली. तुझ्याशी भांडायला तू समोर हवास. भिंतीशी काय भांडायचं?

मी तुझ्याच रेघांवरून कापलं. काडीएवढी वेल, काडीएवढे देठ. आडव्या काड्यांशी आले की श्वास रोखायची, दोन्ही बाजूंना बोटं टेकवून लाकूड असं धरायची की ते थरथरू नये. पहिल्या दिवशी हातभरसुद्धा झालं नाही. भुसा माझ्या भुवयांवर बसला. आरशात बघितलं तर तू. मी तोंड धुतलं आणि पुन्हा बसले. तुझ्यासारखं ढकलून बघावं असंही एकदा वाटलं. ढकललं. पातं मोडलं. हसू आलं, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. अंगणात मी रडले नव्हते.

जाळी पुरी झाली तेव्हा शिमगा उद्यावर आला होता. फळीवर चिकटवलेला नक्षीचा कागद सोलून काढला, पॉलिशपेपर फिरवला. आणि मध्यावर, वेलीच्या त्या वळणावर, बोटाला खूण लागली. तू थांबलास तिथली. नखाएवढी खाच, पातं एका जागी राहिलं की पडते तशी. मी तुला वर्षभर त्याच खाचेवरून बोलत आले होते. देवीच्या अंगाला लागून राहणारी वस्तू. मी बारीक कानस घेतली, खाच घासली, वर पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक पॉलिशपेपर. अशी घासली की वेल एका दमात कापल्यासारखी झाली. मला बरं वाटलं, सदा. तेल लावताना मी चक्क गुणगुणत होते. पंचवीस पिढ्यांचा सुतार असल्यासारखा ताठा आला होता मला.

गणूतात्यांनी दोन्ही जाळ्या सहाणेवर उलट्यासुलट्या करून बघितल्या. "कुठली कुणाची वळखू येत नाय," म्हणाले. मला ती शाबासकी वाटली.

होळी लागली, पालखी नाचली. ढोल वाजायला लागला तशी मी डोळे मिटून घेतले. पोरांनी पालखी उडवली, फिरवली, खाली झेलली. थांबली तेव्हा मी धावत गेले. पहिल्या जाळीतली, तू एकट्यानं पुरी केलेली, तिच्यातली एक काडी मोडली होती. आडवी. अगदी मी म्हटली होती तीच. "बघ! सांगत होते की नाही!" असं म्हणत मी मागे वळले. मागे ढोलवाले होते. एकानं विचारलं, "काय म्हणालीस गो आत्या?" काही नाही म्हटलं. भांडण मी जिंकले, सदा. घे. लखलाभ मला.

दुसऱ्या दिवशी पालखी घरोघर निघाली. माझ्या हातात ओटीचं ताट होतं, खण, नारळ, तांदूळ. दर वर्षी माहेरवाशिणीची ही ओटी तुझ्या घरून निघायची, रंजना ताट भरून ठेवायची. यंदा मी महाडहून भरून आणली होती. तुझ्या घरचं पाणीसुद्धा मला चालणार नव्हतं. तुझ्या अंगणात मला पाय टाकता येत नव्हता, रंजनाला जवळ घेता येत नव्हतं. शिवलं असतं तर मीही सुतकात, आणि माझ्या हातची ओटी फुकट.

पालखी वरच्या आळीतून उतरली. तुझ्या घराजवळ आली तसा ढोल बंद झाला. भोई मान खाली घालून झपाझप चालायला लागले. सुतकाच्या घरावरून असंच जायचं असतं, न थांबता, न वाजवता. मला ते सहन झालं नाही. मी ताट घेऊन वाटेत आडवी उभी राहिले. माहेरवाशीण ओटी घेऊन आडवी आली तर पालखीला थांबावं लागतं, मग ती जागा कुठलीही असो. भोई गणूतात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी एकदा तुझ्या घराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माहेरवाशीण हाय," म्हणाले, "टेकवा."

पालखी तुझ्या दारासमोर टेकली. माझ्यासाठी. आत कुणासाठी नाही, हे सगळ्यांनी नीट समजून घेतलं.

मी ओटी भरली. वर बघितलं तर रंजना उंबऱ्याच्या आत उभी. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. सुतकात देवीला हात जोडायचे नाहीत, म्हणून तिनं ते पोटाशी धरले होते. तिच्या बाजूला दुसरी जाळी आली होती, आपली. तिनं ती कधी बघितलीच नव्हती. सगळं काम महाडला झालेलं. तू मंगळवारी रात्री घरी जाऊन तिला काय काय सांगायचास, ते तुलाच ठाऊक.

"वन्सं," ती तिथूनच म्हणाली, "अर्धी ऱ्हायली व्हती ती हीच?"

"हीच."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं कुठवर हाय?"

मी जाळीवर वाकले. मध्यावर बोट ठेवलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. वेल गुळगुळीत होती. पानामागून पान, सगळी सारखी, सगळी बारीक. ते वळण कुठलं? अशी वळणं मध्यावर तीन-चार होती, आणि प्रत्येकावरून माझं बोट सरळ घसरून जात होतं. सदा, मला सापडेना. तुझा हात जिथं थांबला ती या जगातली एकच जागा होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं, कौतुकानं घासून टाकली होती. रंजना वाट बघत होती. मागून तात्या म्हणाले, "चला, उचला आता."

मी एका पानावर बोट टेकवलं.

"इथवर," म्हटलं.

भोयांनी पालखी उचलली. रंजना मान पुढे काढून त्या पानाकडे बघत राहिली, पालखी खालच्या वळणाआड जाईपर्यंत. आत जाताना तिनं मला मान हलवली, सापडलं अशी. ते पान तुझं होतं की माझं, मला माहीत नाही.